मासो कसो धरलो?

तंजावूर, राजवाडा परिसर
४ जून

ती. मावशीस,


परवा फोनवर तू विचारलंस, "थंय बरो मासो गावता मा गो?" मी नुसतं हो म्हटलं. पण हे उत्तर एका शब्दात उरकणारं नव्हतं, म्हणून पत्र लिहायला बसले.

सरस्वती महाल ग्रंथालयात मी मोडी कागदांचे रुमाल सोडत बसते. त्याच राजवाड्याच्या आवारात एका देवमाशाचा सांगाडा मांडून ठेवलाय. तरंगंबाडीच्या किनाऱ्याला वाहून आलेला. सहलीला आलेली शाळेची पोरं सरफोजीराजांचं सगळं सोडून आधी त्याच्या फासळ्या मोजायला धावतात. समुद्र इथून सत्तरेक किलोमीटरवर आहे, पण तंजावूरच्या या भोसले घराण्याने तो कधी लांब मानला नसावा. दुसऱ्या सरफोजींनी १८१४ साली मल्लिपट्टिणमजवळ अगदी पाण्याच्या काठाशी मनोरा बांधला. षट्कोनी, आठ मजली. नेपोलियन हरला त्याच्या आनंदात! भोसल्यांच्या वंशजाने पाल्कच्या सामुद्रधुनीकडे तोंड करून इंग्रजांचा विजय साजरा करावा, हा इतिहासाचा विनोद तुझ्या माजघरात नीट सांगेन. आज त्या मनोऱ्याची आठवण वेगळ्याच कारणाने होतेय, ते पुढे सांगते. आधी बाजार.

राजवाड्याच्या पूर्वेला कीळवासल, म्हणजे पूर्वेचा दरवाजा. मासळीबाजार तिथेच. पहिल्या दिवशी मी गेले ती तुझी शिकवण घेऊन. "डोळो बघ, मगे भाव इचार." कल्ले उचलून पाहिले, पोटावर बोट दाबून पाहिलं. सुरमई इथे 'वंजरम', पापलेट 'वव्वाल', तारली 'मत्ती'. मासे विकणारी अक्का माझी परीक्षा बघत गालात हसत होती. मग मी बोट दाखवलेल्या टोपलीकडे बघून ती म्हणाली, "नाट्टुप्पडगु."

'नाट्टु' मला ठाऊक होतं. खानावळीबाहेर 'नाट्टु कोळी' अशी पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी दचकलेच होते. तमिळमध्ये कोळी म्हणजे कोंबडी, आणि नाट्टु कोळी म्हणजे गावठी कोंबडी. तशी नाट्टुप्पडगु म्हणजे गावठी होडी, लहान नाव. दुसरी ती 'विसैप्पडगु', इंजिनाची मोठी बोट, इथे बहुतेक ट्रॉलर. अक्काने बोटांवर वार मोजून दाखवले. या पट्ट्यात आठवड्याचे तीन दिवस ट्रॉलरचे आणि चार दिवस लहान होड्यांचे, अशी जुनी वाटणी आहे. सोमवार, बुधवार, शनिवार ट्रॉलर निघतात आणि दुसऱ्या सकाळी परततात. उरलेल्या दिवशी होडीवाले.

मी घरी येऊन कॅलेंडर समोर घेऊन बसले. ट्रॉलरची मासळी मंगळवारी, गुरुवारी आणि रविवारी. मंगळवारी आपल्याकडे गणपती, गुरुवारी दत्त, त्या दिवशी तू मासे घरात येऊच देत नव्हतीस. बुधवार आणि शुक्रवार आपले खायचे वार, आणि नेमकी तेव्हाच होड्यांची मासळी येते. अडला तो फक्त रविवार. तो मी सोडला. म्हणजे मासे सोडले नाहीत, वार सोडला.

तू म्हणशील, होडीचा काय आणि ट्रॉलरचा काय, तव्यावर दोन्ही सारखेच. तव्यावर सारखेच, तळाशी नाहीत. पाल्कचा समुद्र उथळ, आणि तळाला मैलोन् मैल समुद्री गवताची कुरणं. कोळंबी, कुर्ल्या, कितीतरी माशांची पिल्लं त्या गवतात वाढतात. ट्रॉलरचं जड जाळं तळ खरवडत जातं आणि गवत मुळासकट येतं. आपल्या परड्यातली भाजी खुडायची सोडून कुणी वाफाच नांगरून न्यावा, तसं.

त्या कुरणात एक जनावर चरतं. इथे त्याला 'कडल पसु' म्हणतात, समुद्रातली गाय. पुस्तकी नाव डुगाँग. दिवसाला तीस-चाळीस किलो गवत खाणारं, पाण्यात राहूनही श्वासासाठी वर यावं लागणारं. जाळ्यात अडकलं की गुदमरून जातं. पिल्लू एका वेळी एकच, आणि तेही काही वर्षांच्या अंतराने. आपल्या देशात आता दोन-अडीचशेच उरलेत असं मानतात. २०२२च्या सप्टेंबरात तमिळनाडू सरकारने तंजावूर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचा ४४८ चौरस किलोमीटर समुद्र त्यांच्यासाठी राखीव केला. देशातलं हे असं पहिलंच क्षेत्र. सरफोजींचा मनोरा नेमका त्याच किनाऱ्यावर उभा आहे. जाळ्यात आलेली समुद्रगाय होडीवाले जाळं कापून सोडून देतात, आणि वनखातं त्यांचा सत्कार करतं. आपल्याकडेही २०१८पासून कासव किंवा बहिरी मुशी सोडण्यासाठी जाळं कापलं तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. जाळं कापायचं म्हणजे काय, हे तुला वेगळं सांगायला नको. त्या दिवसाची कमाईच कापायची.

होडीवाल्यांनी जाळं कापायचं आणि आपण रविवारचा हट्टही सोडायचा नाही, हे मला पटेना.

मागच्या महिन्यात अक्काने माझ्यासाठी एक कुर्ली राखून ठेवली होती, कौतुकाने. उलटी करून दाखवली. पोटाखालची झडप रुंद, गोल, म्हणजे मादी. आणि त्या झडपेखाली नारिंगी अंड्यांचा गच्च गोळा, ओल्या रव्यासारखा. एका मादीपाशी लाखो अंडी असतात. अशा कुर्लीला इथे जास्त भाव. मी म्हटलं, ही नको, टोकदार झडपेचा नर दे. अक्का चकित झाली. "चव हिच्यातच असते," म्हणाली. मलाही ते ठाऊक आहे गं, मावशी. गाबोळीसाठी मी तुझ्या ताटात हात घालायची, आठवतंय ना? नर घेतला. रस्सा जरा कमी खमंग झाला, एवढंच.

हे सगळं करून समुद्र वाचेल असं मी म्हणत नाही. ट्रॉलरच्या जाळ्यात येणारा बारीकसारीक माल आपल्या बाजारापर्यंत येतच नाही. तो वाळवून, दळून मासळीची भुकटी होते आणि कोंबड्यांच्या नि तळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यात जाते. तिथे माझ्या पिशवीला कोण विचारतो? ट्रॉलरवर राबणाऱ्या खलाशालाही मी वाईट ठरवणार नाही, कर्ज त्याच्याही डोक्यावर आहे. त्यांना खोल समुद्रात कुप्यासारखे मासे धरता यावेत म्हणून नव्या बोटींची योजना २०१७मध्ये निघाली. ती मोठ्यांची कामं. माझ्या हातात माझी पिशवी आहे, तेवढीच.

आणि तुझ्या हातात तुझी. तू तर हे आयुष्यभर करत आलीस, फक्त त्याला नाव दिलं नाहीस. नारळी पौर्णिमेआधी ताजा मासा घरात नाही. वीतभर सुरमई कुणी आणली तर टोपलीवरून परत पाठवायचीस, "बारको मासो पाण्यात बरो" म्हणून. २०२३मध्ये महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, तेव्हा मला पहिली आठवण तुझी आली. आता दोनच गोष्टी मागते. एक, रापणीची, किनाऱ्यावरून ओढलेल्या जाळ्याची मासळी आली की आधी ती घे. सुरमई-पापलेटवरच अडून राहू नकोस, तारली-बांगडा काय वाईट? दुसरी, मोरीचा हात जरा आखड. बाळंतिणीला मोरी द्यायची रीत तुझी तशी इथलीही, सुराप्पुट्टु करतात. पण मोरी, म्हणजे मुशी, उशिरा वयात येते आणि पिल्लं देते मोजकीच. दूध वाढवायला आणखीही पदार्थ आहेत की तुझ्याकडे.

आज चार तारीख. इथली बंदी १५ एप्रिलला लागली, १४ जूनला सुटेल. तुमची १ जूनला लागली, जुलैअखेर सुटेल. म्हणजे जूनचे हे पहिले चौदा दिवस दोन्ही किनाऱ्यांवरच्या मोठ्या बोटी एकदमच काठाला लागलेल्या असतात. तू मालवणात सुकटीवर आणि मी इथे होडीवाल्यांच्या मासळीवर, दोघी एकाच वेळी मोठ्या बोटींवाचून. मला हा पंधरवडा सणासारखा वाटायला लागलाय.

तू विचारायचीस, "मासो कदी धरलो?" मी त्यात एक प्रश्न वाढवलाय, "कसो धरलो?" सुरुवातीला अक्का कंटाळायची. आता मी दिसले की लांबूनच हाक मारते, "नाट्टुप्पडगु!" आणि शेजारच्या गिऱ्हाइकाने विचारलं, म्हणजे काय गं फरक, तर परवा तिनेच बोटांवर वार मोजून दाखवले.

इकडे येशील तेव्हा आमसुलं आण. इथली चिंच चांगली आहे, पण तारलीला ती नाही चालत.

तुझी,
बाय