चांदोरीचा दगड

माझ्या कपाटात शब्दकोशाला टेकून एक दगड उभा आहे. तळहाताएवढा, काळा, एका अंगाने तुटलेला. दुसऱ्या अंगावर कमळाच्या दोन पाकळ्या आणि तिसरीची नुसती सुरुवात. पाकळ्यांच्या खाचेत गोदेचा गाळ घट्ट बसलाय. दात घासायच्या जुन्या ब्रशने खरवडून पाहिला, निघाला नाही. हल्ली मी खरवडतही नाही.

हा मी चांदोरीहून आणला. आणला म्हणजे उचलला. नांदूर-मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातलं पाणी फार खाली गेलं, की निफाड तालुक्यात चांदोरीपाशी गोदावरीच्या पात्रातून जुनी दगडी मंदिरं वर येतात. मग बघ्यांची रीघ लागते. आम्हीही गेलो होतो. घोट्यापर्यंत चिखल, खांबांवर वाळून पांढरं पडलेलं शेवाळ, काठावर भेळेची गाडी. पायाला काहीतरी टोचलं म्हणून वाकले तर हा. आजूबाजूला पाहिलं, ओढणीला पुसला आणि पिशवीत टाकला. पाण्यातच तर पडला होता, नाहीतर पुन्हा बुडालाच असता, असं मनाशी म्हटलं. आपणच आपले वकील असलो की खटला लवकर निकालात निघतो.

नाशिककराला पाण्यातून काही काढलेलं तसं खुपत नाही. रामकुंडावर लहानपणापासून तेच पाहत आलो. पोरं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात फिरवतात आणि भाविकांनी टाकलेली नाणी वर काढतात. आताची बरीचशी नाणी पोलादी, म्हणून जमतं. आजीच्या वेळच्या तांब्याच्या पैशाला चुंबकाने भीक घातली नसती. थोडं पुढे अस्थिविलय तीर्थ. इथे अस्थी पाण्यात विरघळतात अशी श्रद्धा. तिथे काही माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून घमेल्यात राख-गाळ हलवत असतात. सराफाच्या दुकानातला केर धुऊन सोनं काढणारा झारेकरी असतो ना, हुबेहूब तसेच. वडिलांच्या अस्थी घेऊन गेलो, तेव्हा त्यांच्या तोंडात ठेवलेला सोन्याचा मणी मला आठवत होता आणि समोर ते घमेलं हलत होतं. भावाला राग आला. मला आला नाही. मणी आम्ही सोडला होता. सोडलेल्याचा हिशेब कसला मागायचा?

तोच न्याय मी चांदोरीच्या दगडाला लावला, आणि तिथेच चुकले. त्या देवळाने काही सोडलं नव्हतं.

नाशिकजवळच जोगलटेंभी आहे, दारणा-गोदावरीच्या संगमापाशी. 1906 साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी क्षत्रप नहपानाची. पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला. नहपानाचा चेहरा खाली, त्याच्यावर सातवाहनांची खूण. पांडवलेण्याच्या तिसऱ्या लेण्यातल्या शिलालेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाने, म्हणजे याच गौतमीपुत्राने, नहपानाचं क्षहरात कुळ निखंदून काढल्याचं सांगते. आईचं कौतुक म्हणून ते सोडून देता आलं असतं. पण ही नाणी एकत्र सापडली आणि तिच्या शब्दाला साक्षीदार मिळाले. समजा, येणाऱ्याजाणाऱ्याने त्यातलं एकेक नाणं आठवण म्हणून खिशात घातलं असतं तर? तेरा हजार घरांत तेरा हजार शोभेच्या वस्तू झाल्या असत्या आणि साक्ष कुणाकडेच उरली नसती.

समुद्रातही हेच. गोव्याजवळ सुंची खडकापाशी सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं एक पोर्तुगीज जहाज फुटलं होतं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना तिथे तोफा मिळाल्या, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दातही मिळाले. पाणघोडा आफ्रिकेचा, भांडी चीनची, जहाज पोर्तुगीजांचं, बुडालं गोव्यात. एका खडकापाशी अर्ध्या जगाचा व्यापार पडलेला. त्यातला एक दात कुणा हौशी बुड्याने दिवाणखान्यात मांडला असता, तर तो नुसता दात. आणि तोही टिकणं मुश्कील, कारण समुद्रातून काढलेली वस्तू तशीच वाळू दिली तर आत मुरलेलं मीठ फुलतं आणि ती तडकते. गोड्या पाण्यात ठेवून, पाणी बदलत, ते मीठ सावकाश उतरवावं लागतं. घरी कोण करतंय?

युनेस्कोच्या 2001च्या करारात शंभर वर्षं पाण्याखाली असलेल्या वारशाबद्दल एक नियम आहे: पहिला विचार तो आहे तिथेच राहू देण्याचा. वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. तिथेच राहू द्या म्हणजे सडू द्या की काय! पण तिथला गाळ हाच कित्येकदा त्याचा डबा असतो, हे मागाहून कळलं. शिवाय शंभर वर्षांची अट कायद्याला ठीक आहे. 17 जुलै 1947 रोजी, गटारीच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. शंभरी भरली नाही, म्हणून त्या पाण्यातली एखादी चप्पल उचलून घरी मांडायची का?

गेल्या पावसाळ्यानंतर मी दगड पिशवीत घालून चांदोरीला गेले. बंधारा भरलेला, देवळं पाण्याखाली, वर नुसती भुरकट लाट. काठावर एक मासेमार जाळं सांधत बसले होते. त्यांना म्हटलं, "काका, हा इथला आहे. परत ठेवायचाय."

त्यांनी दगड हातात घेतला, अंगठ्याने पाकळ्या चाचपल्या. "कुठं होता?"

"देवळापाशी."

"कोणत्या? इथं एक नाही." त्यांनी पाण्याकडे हात केला. "वरच्या अंगाला का खालच्या? आत का बाहेर?"

मला सांगता येईना. भेळेची गाडी आठवत होती, ओढणीचा रंग आठवत होता. दगड कुठे होता तेवढंच आठवत नव्हतं.

"मग टाकू कुठं?" ते म्हणाले. थोडा वेळ वाट पाहून दगड त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि पुन्हा जाळ्याला लागले.