उत्तराभिमुख

सरकारी वसाहतीत घर मिळते तेव्हा कारकुनाने त्याची दिशा विचारायची नसते. आम्हीही विचारली नाही. दिल्लीत दोन खोल्या आणि एक सज्जा पदरात पडला, यातच आम्हांला धन्यता वाटली. सज्जा उत्तरेकडे उघडतो याचा अर्थ काय, हे कळण्यासाठी आमच्याकडे आईला यावे लागले.

वडिलांच्या मागे आई रत्नागिरीजवळच्या घरी एकटीच राहत होती. आग्रह करकरून आम्ही तिला भाद्रपदात आणले. त्या वेळी सकाळी सज्ज्यात उन्हाची एक तिरीप येत असे. सप्टेंबर सरला आणि ती नाहीशी झाली. आई मात्र खुर्ची टाकून रोज तिची वाट पाही. "इथला सूर्य वर चढतच नाही रे," ती म्हणे, "खालच्या खालूनच निघून जातो." आम्ही हसत असू. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे शाळेत पाठ केलेल्या पदवीधराला आईच्या भूगोलाचे हसू येणारच!

डिसेंबरच्या अखेरीस एकदा जेवणाच्या सुटीत आम्ही संसद मार्गावरील जंतरमंतरात ऊन खात बसलो होतो. सवाई जयसिंहांनी १७२४ च्या सुमारास उभारलेल्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत समोर होती. तिची कड जमिनीशी सुमारे साडेअठ्ठावीस अंशांचा कोन करते. दिल्लीचा अक्षांश तोच, म्हणून ती कड पृथ्वीच्या आसाला समांतर राहते. पाठांतरातला तो कल प्रथमच डोळ्यांना दिसला. सहज खाली पाहिले, तर भर मध्यान्हीची आमची सावली आमच्याहून लांब! त्या दिवसांत दिल्लीचा सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून अवघा ३८ अंश वर येतो. जूनमध्ये जेवढे ऊन एका हातभर जमिनीला मिळते, तेवढेच या तिरपेपणामुळे दीड हाताहून अधिक जमिनीवर पसरते. शिवाय दिवस जेमतेम सव्वादहा तासांचा. आईच्या गावी वैशाखात सावली पायांखाली येते. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने येथे तसे कधीच घडत नाही. सप्टेंबरच्या संपातापासून मार्चच्या संपातापर्यंत सूर्य पूर्वेच्या दक्षिणेस उगवतो आणि पश्चिमेच्या दक्षिणेस मावळतो. तेव्हा उत्तरेच्या सज्ज्यात ऊन यावे कोठून? आईने जे पाहिले होते, ते अक्षरशः खरे होते.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरांवर असते. जुलैच्या आरंभी ती सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरांवर जाते. म्हणजे दिल्ली गारठते ती सूर्य जवळ असताना! जवळ असल्याने ऊब मिळत नाही. तोंड कोणीकडे कलले आहे, त्यावर ती ठरते.

हे मनात आले आणि आम्ही ओशाळलो. आईला आम्ही जवळ आणले होते खरे. पण कचेरीतून परतल्यावर आमचे तोंड वर्तमानपत्राकडे असे. "मला घरी पोचव," असे ती दोनदा म्हणाली होती. दोन्ही वेळा "मार्चनंतर पाहू" असा आम्ही शेरा मारला होता.

त्या रविवारी आम्ही तिची खुर्ची उचलून समोरच्या मैदानात नेली आणि शेजारी सतरंजीवर बसलो. शेजारच्या पंजाबी बायका मटार सोलत होत्या. आईने मूठभर आपल्याकडे ओढून घेतले. भाषेवाचून त्यांचे कोठेच अडले नाही. दुपारभर ती बोलत होती. वडिलांच्या कितीतरी गोष्टी आम्हांला त्या दिवशी प्रथमच कळल्या. पुढचे रविवार असेच गेले.

तरी फाल्गुनात ती गेलीच. तिची पडवी तिला हाक मारीत होती. आणि या खेपेस तिला मार्चअखेरपर्यंत थांबवण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

एप्रिलमध्ये एका सकाळी सज्ज्यात तिरीप आली. आईची खुर्ची अजून तेथेच होती. तिच्या हातावर ऊन पडले होते.