छत आधी बोलते

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. घरी लहानपणापासून स्वतःला ‘हम’ म्हणायची सवय. मराठीत लिहायला बसलो की तोच ‘हम’ ‘आम्ही’ होऊन कागदावर उतरतो. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये. खाणकामगाराच्या पोरात मोठेपणा येणार कुठून! अब्बांनी चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत तीस वर्षे काढली. त्या पगारावर आमचे बी.एड. झाले आणि त्याच खाणीत अब्बांचा डावा कान गेला.

वर्गात खनिज संपत्तीचा धडा शिकवायचा होता. मुलांना काही नवे सांगावे म्हणून शोधता शोधता गेंक या गावापर्यंत पोचलो. बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतातले हे गाव. १९०१ मध्ये या भागात कोळसा सापडला आणि खेड्याचे शहर झाले. तिथली विंटरस्लाग खाण १९८८ मध्ये बंद पडली. पण यंत्रघर पाडले नाही, मनोरेही ठेवले. आज त्या जागेला ‘सी-माइन’ म्हणतात. पाहुण्यांना भुयारांतून नेतात, आवाज आणि चित्रांतून खाणीचे जग त्यांच्याभोवती उभे करतात. मजुरांचा पिंजरा ज्या लोखंडी मनोऱ्यावरून खाली जायचा, त्यावर शेवटी चढता येते.

आम्हाला ओढ लागली ती मात्र तिथल्या माणसांची. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधल्याच मार्सिनेलच्या खाणीत आग लागून २६२ कामगार मेले. त्यांतले १३६ इटलीचे होते. इटलीने माणसे पाठवणे थांबवले, तेव्हा बेल्जियमने दुसऱ्या देशांकडे हात पसरले. १९६४ मध्ये मोरोक्को आणि तुर्कस्तानशी करार झाले. म्हणजे गेंकच्या अंधारात आमच्यासारखीच अहमद, हसन, युसूफ नावाची माणसे उतरली. खाली सूर्य नाही, अजान नाही. रोजा कसा सोडत असतील? अब्बांना विचारले. ते हसले. “जेब में खजूर, हाथ में घडी. और क्या!”

पडीक इमारतीला बोलते करण्याचे हे तंत्र समजायला अवघड नाही. आधी लेसर किरणांनी इमारतीचा कोपरा न् कोपरा मोजतात. लाखो बिंदूंचा तो आराखडा संगणकात गेला की प्रोजेक्टरचे चित्र भिंतीच्या उंचसखलपणाप्रमाणे वळवता येते. खिडकीचे चित्र बरोबर खिडकीवरच पडते. आवाजाची गंमत त्याहून मोठी. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित आधी पोचतो, डाव्याला किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. हेडफोनमध्ये तोच फरक घालून दिला की खोलीत बसल्या बसल्या एका बाजूने कोळशाची डबागाडी येतेय असे वाटते.

आम्ही एका शिक्षक मित्राकडून पुठ्ठ्याचा चष्मा आणला. त्यात मोबाइल बसवला, कुठल्याशा खाणीच्या भुयाराची चौफेर दिसणारी चित्रफीत लावली आणि अब्बांच्या कानांवर हेडफोन चढवले. वाटले होते, अब्बा दचकतील. कदाचित त्यांचे डोळे भरून येतील. अब्बा शांत बसून राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, “बेटा, सब आवाज एकीच तरफ से आ रही.”

आम्ही खाली मान घातली. दोन कानांमधल्या फरकावर उभे असलेले ते जग, आणि ज्याला ते दाखवायचे, त्याचा एक कान खाणीतल्या ड्रिल मशीनने खाल्लेला!

थोड्या वेळाने अब्बांनी विचारले, “और ठोकने की आवाज किधर है?” आम्हाला कळेना. मग त्यांनी समजावून सांगितले. कामाला हात लावण्याआधी सळईने छत ठोकून पाहायचे. घट्ट दगड खणखणीत बोलतो. सुटलेला थर पोकळ, ढब्ब वाजतो. लाकडी टेकू कुरकुरू लागले की हातातले सोडून पळायचे. “छत पहले बोलती है, फिर गिरती है. जो सुनता है, वो घर जाता है.”

चित्रफितीत यंत्रांचा गडगडाट होता, टपटपणारे पाणी होते, बुटांचे आवाज होते. माणसाला घरी पाठवणारा आवाज मात्र नव्हता. तो भिंतींना माहीत नसतो. तो खाली उतरलेल्या माणसालाच विचारावा लागतो.

यंत्राला नावे ठेवणे सोपे आहे. गेंकमध्ये निदान इमारत उभी आहे. अब्बांची खाण केव्हाच बंद झाली. दिव्यांच्या खोलीचे छप्पर गेले, हजेरीचे पितळी बिल्ले भंगारात गेले. लेसर फिरवायचा तर कशावर? राहिली ती माणसे. आमच्या मोहल्ल्यात अब्बांच्या बरोबरीचे आता चौघेच आहेत. आपल्या लोकांची खोड अशी, की इतिहास म्हटला की नजर बादशहांच्या किल्ल्यांकडे जाते. बापाच्या हातातली सळई इतिहास आहे, हे आम्हालाही पस्तिशीत कळले.

म्हणून मागच्या महिन्यात अब्बांना वर्गात बोलावले. मोबाइल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केले. अब्बांनी छत्रीच्या दांड्याने भिंत ठोकायला सुरुवात केली. मुले डोळे मिटून सांगायची, “ठोस!” अब्बा पुढे सरकायचे, उजवा कान भिंतीकडे करून. खिडकीजवळ आले, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “दादाजान, यहाँ पोकल है.”

अब्बा थांबले. पुन्हा ठोकले. मग वर छताकडे छत्री नेऊन दोन ठिकाणी ठोकले. ढब्ब. आमच्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, “यहाँ बच्चों को मत बिठाओ.”

आम्ही चार बाक उचलून दाराकडे हलवले आणि दुरुस्तीसाठी अर्ज लिहिला. अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. बाक तिथेच, दाराजवळ आहेत. त्या दिवसाचे रेकॉर्डिंग आम्ही जपून ठेवले आहे. उरलेल्या तिघांकडे पुढच्या रविवारी जाणार आहोत.