तोच रस्ता, 18 किलोमीटर जास्त

पहाटे पाचला कात्रजच्या पुढच्या पंपावर टाकी फुल्ल केली. नोझल पहिल्यांदा 'टक' करून थांबलं, तिथेच पंपावरच्या पोराला थांबवलं आणि ट्रिप मीटर शून्यावर आणलं. सावंतवाडीला पोचल्यावर पुन्हा तसंच, पहिल्या 'टक'पर्यंत. अ‍ॅव्हरेज काढायची याहून भरवशाची रीत मला ठाऊक नाही.

गाडी 2015 सालची डस्टर, सेकंडहँड, चारही चाकांना ताकद देणारी. दीड लिटरचं 110 पीएसचं डिझेल इंजिन, सहा गिअर. आंबोली उतरल्यावर आमच्या काजूच्या बागेकडे जाणारी दीड किलोमीटरची वाट पावसाळ्यात नुसता लाल चिखल असते, म्हणून हीच घेतली. कागदावरचं अ‍ॅव्हरेज 19.72. मागच्या जुलैत याच रस्त्याने गेलो तेव्हा मीटरवर 348 किलोमीटर झाले आणि डिझेल गेलं 33 लिटर. म्हणजे लिटरला साडेदहा. घरी सगळे म्हणाले, विकून टाक. मला ते पटेना. गाडीच्या हाडात काही खोट नव्हती.

खंबाटकी चढून सुरूरला चहाला थांबलो. गेल्या वर्षी इथेच उतरताना जळका वास आला होता. आज चारही रिमांना हाताची मागची बाजू लावून पाहिली. चारही सारख्याच कोमट. तेव्हा मागचं डावं चाक चटका देत होतं. हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली, ड्रममध्ये लायनर घासत राहिलेले. ब्रेक धरलेली गाडी मी पुण्यापासून ओढत आणली होती.

पण खरा चोर सापडला तो स्टेपनीमुळे. गॅरेजात मिस्त्रींनी डिकीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, ही एकटीच खरं बोलतेय." स्टेपनी 215/65 आर 16, कंपनीच्या मापाची. चालत्या चाकांवर मात्र आधीच्या मालकाने रुबाबासाठी 225/70 चे जाड खाचांचे टायर चढवले होते. घेर पाच टक्क्यांनी मोठा. त्यामुळे इंजिनाला प्रत्येक गिअर जड, आणि मीटर 100 दाखवी तेव्हा गाडी 105 गेलेली असे. शिवाय पंक्चर झाल्यावर ती स्टेपनी लावली असती, तर एका चाकाचा घेर वेगळा पडून मागच्या डिफरन्शियलजवळच्या कपलिंगवर ताण आला असता. ते कपलिंग निकामी झालं, तर या गाडीत फोर-व्हील ड्राइव्ह म्हणून काही उरतच नाही.

चारही टायर मूळ मापाचे घेतले. खर्च झोंबला. अलाइनमेंट केलं, केबल बदलली, टपावरचं कॅरियर उतरवलं. टर्बोच्या हवेचा पाइप सांध्याजवळ चिरला होता. चढावर निघणारा काळा धूर त्याचाच. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. त्यामुळे इंजिन नीट तापतच नव्हतं, आणि थंड इंजिन डिझेल जास्त घेतं.

साताऱ्यापुढे वेग 80 वर धरला. नॉब '2 डब्ल्यूडी'वर. पण एक लक्षात ठेवायला हवं: नॉब तिथे असला तरी मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट फिरतच राहतो, फक्त मागच्या चाकांना ताकद जात नाही. ते लोखंड कायम वाहून न्यायचं आणि फिरवायचं. तेवढं डिझेल या गाडीला द्यावंच लागतं, आणि ते मी आनंदाने देतो. वाचवायचं ते दुसरीकडे. पहिला गिअर चिखलातल्या चढासाठी फार आखूड केलेला आहे. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी मी दुसऱ्यावरच उठवतो.

कराड, कोल्हापूर मागे पडलं. निपाणीला हायवे सोडला. आजऱ्यापुढे भातखाचरांत लावणी चालली होती, बायका इरली पाठीवर घेऊन वाकलेल्या. आंबोलीत धुकं इतकं की पुढच्या एसटीचे लाल दिवेच तेवढे दिसत होते. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून उतरलो. अशा वेळी इंजिनात डिझेल जातच नाही. न्यूट्रलवर उतरवलं तर जातं, आणि ब्रेकही तापतात.

सावंतवाडीच्या पंपावर मीटर 366 दाखवत होतं. रस्ता तोच, गेल्या वेळी 348 भरलेला. डिझेल बसलं 22.4 लिटर. लिटरला 16.3.

बागेच्या वळणावर नॉब 'लॉक'वर फिरवला. पहिल्या गिअरवर, पायाने रेटा न देता, गाडी लाल चिखलातून खळ्यापर्यंत गेली.

पुण्याहून सावंतवाडी म्हणजे शेवटी उतारच. परतीच्या चढावर 15.2 मिळाले, आणि मी तोच आकडा खरा धरतो. जुनी फोर-व्हील ड्राइव्ह घेणार असाल तर व्यवहार ठरवण्याआधी स्टेपनीवरचं माप चारही चाकांशी ताडून पाहा, दहा किलोमीटर चालवा आणि चारही रिमांना हात लावा.