पाळक नसलेला रविवार

आमची मंडळी जेमतेम नऊ घरांची. हेमलकशाला पाळक महिन्यातून एकदा येतात. पावसाळ्यात नाले भरले की तेही नाही. मग उपासना बंद ठेवायची का?

रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळ्यांना जागा. पण १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. मोकळेपणा होता, भार मात्र एकाच खांद्यावर! उलट इथला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून चालू आहे. बाबांनंतर प्रकाशभाऊ-मंदाताई, आता त्यांची मुले-सुना.

म्हणून आम्ही कामे वाटून घेतलीत. शास्त्रवाचन एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, दर तिमाहीला पाळी बदलते. प्रभुभोजनाला तेवढी पाळकांची वाट पाहतो. "मग जबाबदार कोण?" असे काहीजण विचारतात. मी म्हणते, ज्याची पाळी तो!

तुमच्या भजनी मंडळात काय रीत आहे हो?