प्लास्टिकची बंदूक आणि दहा बाय दहाची खोली

मागच्या धाग्यात खर्ड्याच्या लढाईवर लिहिले होते. खर्डा आमच्याच तालुक्यातले, त्यामुळे लेखन जरा लांबले. वाचकांनी ते सोसले. आजच्या लढाईत तोफा नाहीत. बंदूक मात्र आहे. ती प्लास्टिकची होती आणि जामखेडमधल्या आमच्या घरी टीव्हीच्या कपाटात ठेवलेली असे.

२००८ च्या दिवाळीत वडिलांनी बाजारातून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. खोक्यावर कंपनीचे धड नाव नव्हते. आत दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट आणि ती बंदूक. कॅसेटवर '९९९९९९९ इन १' असे छापले होते. प्रत्यक्षात वीस-पंचवीस खेळच आलटूनपालटून येत. पडद्यावर बदके उडत आणि आपण बंदूक रोखून चाप ओढायचा. भारनियमनाचे दिवस होते. वीज आली की आधी पाण्याची मोटर, मग बदके, असा आमच्या घरचा क्रम असे. धाकटा भाऊ पडद्याला नळी टेकवून मारी आणि ते नियमबाह्य आहे असा माझा कायमचा दावा असे.

२०१२ मध्ये जुना डबा टीव्ही जाऊन भिंतीवरचा चपटा टीव्ही आला. बंदूक चालेना. खेळ सुरू होई, बदके उडत, आवाज येई, पण एकही बदक पडेना. दोनच दिवसांपूर्वी भावाच्या हातून ती फरशीवर पडली होती आणि ते मी पाहिले होते. मी साक्ष दिली. त्याला मार बसला. तो नऊ वर्षांचा होता.

ही साक्ष किती चुकीची होती हे मला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी कळले. वस्तूंच्या इतिहासावर निबंध लिहायचा होता आणि मी ती बंदूक निवडली होती.

त्या बंदुकीतून काहीही सुटत नाही. ती फक्त पाहते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या प्रकाशसंवेदकाला तो उजेड दिसला, तर नेम लागला. हे सारे जुन्या काचेच्या पडद्याच्या भरवशावर चालते, जिथे चित्र रेषेरेषेने आणि ठरलेल्या क्षणी उजळते. चपट्या टीव्हीत चित्र किंचित उशिरा येते, उजेडाची जातही निराळी असते. त्यामुळे बंदूक आंधळी होते. आमची बंदूक पडली हे खरे होते. पडल्यामुळे बिघडली, हा माझा निष्कर्ष होता. आधी घडले म्हणून कारण मानले. ज्या चुकीसाठी आम्ही जुन्या बखरकारांना हसतो, तीच ही चूक.

आमच्या त्या बेनामी यंत्राचे मूळ क्योटोत होते. १८८९ मध्ये पत्ते बनवण्यासाठी स्थापन झालेल्या निन्टेन्डोने १९७० मध्ये प्रकाशाची खेळण्यातली बंदूक विकायला काढली. ती गुनपेई योकोई यांची करामत. तिच्यात सौरघट वापरला होता. पुढे कंपनीने ओस पडलेल्या बोलिंगच्या दालनांत नेमबाजीचे खेळ मांडले, पण १९७३ च्या तेलसंकटाने मागण्या रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात गेली. योकोईंचे धोरण लक्षात ठेवण्याजोगे आहे: तंत्र अगदी नवे नको, जुने, मुरलेले, स्वस्त झालेले घ्या आणि ते अनपेक्षित जागी वापरा. १९८३ मध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम आला, पुढच्याच वर्षी त्याची बंदूक आली आणि यथावकाश दोहोंच्या नकला आपल्या बाजारांत पोचल्या.

ही बंदूक नेम ओळखते, हाताची हालचाल नव्हे. ते पाऊल पडायला स्पर्धा पेटावी लागली. निन्टेन्डो आणि सोनी मिळून सीडीवर चालणारे यंत्र काढणार होते. १९९१ मध्ये सोनीने ते जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली. अपमानित सोनीने १९९४ मध्ये स्वतःचे प्लेस्टेशन आणले. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टही एक्सबॉक्स घेऊन उतरली. प्लेस्टेशन २ च्या प्रती पंधरा कोटींवर गेल्या. निन्टेन्डोचा गेमक्यूब सव्वादोन कोटींच्याही आत थांबला.

हरणाऱ्याने मग रणांगणच बदलले. २००५ मध्ये टोकियोत निन्टेन्डोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी टीव्हीच्या रिमोटसारखे एक साधन दाखवले. २००६ च्या नोव्हेंबरात ते वी या नावाच्या यंत्रासोबत विक्रीला आले. अमेरिकेत प्लेस्टेशन ३ ची सर्वांत स्वस्त आवृत्ती ४९९ डॉलरची असताना वी २४९ डॉलर ९९ सेंटला मिळे. रिमोटमधली वेग वाढला-घटला हे ओळखणारी चिप नवलाची नव्हती. मोटारीच्या एअरबॅगसाठी तशा चिपा १९९० च्या दशकापासूनच वापरात होत्या. टीव्हीवर ठेवायची 'सेन्सर' पट्टी तर काहीच ओळखत नसे. तिच्यात केवळ अवरक्त दिवे होते आणि त्यांना पाहणारा कॅमेरा रिमोटच्या नाकात होता. म्हणजे पुन्हा उजेड पाहणारी बंदूकच! योकोई १९९७ मध्ये वारले, पण त्यांचे मुरलेले तंत्र जिंकले. वीच्या दहा कोटींहून अधिक प्रती गेल्या. (जोशात रिमोट भिरकावून लोकांनी टीव्ही फोडले, तेव्हा कंपनीला मनगटाचे दोर बदलून द्यावे लागले. हे वाचताना मला फरशी आठवली.)

२०१० मध्ये दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी उत्तर दिले. सोनीचा मूव्ह म्हणजे टोकाला रंगीत चमकता गोळा असलेली कांडी. गोळा पडद्यावर किती मोठा दिसतो यावरून कॅमेरा त्याचे अंतर काढी. मायक्रोसॉफ्टच्या कायनेक्टने हातातली वस्तूच काढून टाकली. प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीच्या तंत्राने तो खोलीत अदृश्य ठिपके पसरी आणि त्यांच्या विस्कटण्यावरून शरीराचा आकार ओळखी. पहिल्या साठ दिवसांत ऐंशी लाख कायनेक्ट गेले.

इथे महाराष्ट्राचा प्रवेश होतो. मुंबईच्या ट्राइन गेम्स या संस्थेने सोनीच्या मूव्हसाठी 'मूव्ह स्ट्रीट क्रिकेट' हा गल्ली क्रिकेटचा खेळ तयार केला. कांडी बॅटसारखी फिरवायची की पडद्यावर फटका बसतो. व्हिडिओ गेमच्या इतिहासात आपल्या गल्लीला मिळालेली ही दुर्मीळ जागा आहे आणि हा खेळ पुस्तकांतून सहसा वगळला जातो याची मला चीड येते. पण प्लेस्टेशन ३ भारतात २००७ मध्ये आले ते ३९,९९० रुपयांना. गल्ली क्रिकेटचा तो खेळ आमच्या गल्लीतल्या एकाही पोराने पाहिला नाही. आम्ही खऱ्या गल्लीत, फळकुटाने खेळत होतो.

किमतीइतकाच अडसर जागेचा. कायनेक्टपासून एकट्याने खेळायला सुमारे सहा फूट, दोघांना आठ फूट दूर उभे राहावे लागे. आमची खोली दहा बाय दहाची. तिच्यात पलंग, कपाट, शिलाई मशीन आणि आजी. तिन्ही कंपन्या एकमेकींशी भांडत होत्या, पण मोकळा दिवाणखाना, सलग वीज आणि ठरावीक टीव्ही त्या गृहीतच धरून चालल्या होत्या. विक्रीच्या आकड्यांवर लिहिलेल्या इतिहासात ही खोली कुठेच येत नाही. कोणत्याही कंपनीने न मोजलेले आमचे बेनामी यंत्रही येत नाही.

विजयाचे पुढे काय झाले? मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला मराठे एकत्र जिंकले आणि ऑक्टोबरात सवाई माधवराव गेल्यावर पुण्यात वारशाचे राजकारण उसळले, हे आपण मागे पाहिले. वीची गत फार वेगळी नाही: २०१२ च्या वी यू च्या जेमतेम एक कोटी पस्तीस लाख प्रती खपल्या. कायनेक्ट जोडल्याने महागलेला एक्सबॉक्स वन २०१४ मध्ये त्याच्याविना विकावा लागला आणि २०१७ मध्ये कायनेक्टचे उत्पादनच थांबले. प्राइमसेन्स तोवर ॲपलने विकत घेतली होती.

निबंध संपल्यावर मी जामखेडला गेले. एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मागच्या फळीवर जुना डबा टीव्ही सापडला; चालू होता. मी भावाला पुण्याला फोन लावला. आधी क्षमा मागितली, मग बंदुकीचे सगळे शास्त्र सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला.

"ताई," तो म्हणाला, "मार खाल्ल्यावर मी ती खोलली व्हती. दुरुस्त करायला. नळीतलं भिंग परत बसंना."

"मग ते भिंग कुठंय?"

"शाळेची सहल खर्ड्याच्या किल्ल्यावर गेली व्हती बघ, तिथं गवत पेटवायला नेलं. तिथंच ऱ्हायलं."