धा धी ना, धा ती ना

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. कारण ऐकलंत तर हसाल. वयाच्या ६१व्या वर्षी मी वॉल्ट्झ शिकतेय. हो, तोच, जुन्या इंग्रजी सिनेमात घोळदार झगे घालून करतात तो. फक्त इथे झगा नाही, गाऊनवर ओढणी आहे, आणि चितेगावातल्या आमच्या हॉलमधला दिवाण भिंतीला सरकवलेला आहे. जोडीदार अर्थातच हे.

ह्यांना पार्किन्सन्स आहे, हे नातेवाइकांना माहीत आहे. हात थरथरतात ते सगळ्यांना दिसतं. पण खरा छळ पायांचा. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, तेही नेमके उंबरठ्यावर. गंमत म्हणजे जिना हा माणूस सरसर चढतो!

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला स्वयंपाकघराच्या दारात हे असेच अडकले. हातात ताम्हन. मागे मी, माझ्या हातात नैवेद्याचं ताट, मुहूर्त टळत चाललेला. "अहो, चला ना," म्हणत मी पाठीला हात लावला. ढकललं असंच म्हणायला हवं. हे सरळ पुढे पडले. कपाळाला तीन टाके. सगळ्यांना सांगितलं, पाय घसरला. ह्यांनीही तेच सांगितलं. आज पहिल्यांदाच खरं लिहितेय.

पुण्याची आमची भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिला मात्र फोनवर सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "मामी, अडकलेल्या माणसाला मागून ढकलायचं नाही आणि पुढून ओढायचंही नाही. मेंदूचा आपोआप चालायचा रस्ता बंद पडतो, तेव्हा दुसरा रस्ता दाखवायचा. जमिनीवरची रेघ, नाहीतर ताल." पायऱ्या हे सहज का चढतात ते तेव्हा कळलं. प्रत्येक पायरी म्हणजे एक रेघच की! उंबरठ्यापुढे रंगीत चिकटपट्टी लावली. दिवसा तिचा उपयोग होतो, रात्री अंधारात नाही.

मग तिने नाचाचं काढलं. मला वाटलं चेष्टा करतेय. पण अमेरिकेत सेंट लुइसला हॅकनी आणि अर्हार्ट या दोघींनी २००९ साली ५८ पार्किन्सन्सच्या रुग्णांवरचा अभ्यास छापला. काहींना टँगो शिकवला, काहींना वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट, काहींना काहीच नाही. तासाभराचे २० वर्ग. नाचणाऱ्या दोन्ही गटांचा तोल सुधारला, काही बाबतींत टँगोवाल्यांना जरा जास्तच फायदा झाला. ब्रुकलिनला २००१पासून असे वर्ग चालतात, आणि पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या लोकांना नाच शिकवला आहे. आजार बरा होत नाही, हे भाचीने पहिल्याच दिवशी बजावलं. टँगोचे व्हिडिओ पाहून हे म्हणाले, "हे आपल्याच्याने व्हायचं नाही." म्हणून वॉल्ट्झ.

रविवारी सकाळी, गोळी घेतल्यावर तासाभराने, व्हिडिओ कॉलवर भाची. पायपुसणी उचलायची, ह्यांच्या पायात बूट, मागे भिंत. ह्यांचा डावा पाय पुढे, उजवा बाजूला, डावा जवळ. मग उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जवळ. झाला चौकोन. मी समोर, आरशातल्यासारखी उलटी.

इतकं सोपं, आणि मला चार रविवार जमेना. लग्नाला ३८ वर्षं झाली, त्यात हे कायम दहा पावलं पुढे. पैठणला नाथषष्ठीच्या गर्दीत ह्यांची पांढरी टोपी शोधत चालायची माझी सवय. आता मला तोंड ह्यांच्याकडे करून मागे जायचं होतं, पाठीमागे काय आहे ते न बघता. त्यात माझे हात सारखे ह्यांना ओढायचे. "मामी, ओढू नकोस. मामांना येऊ दे." येऊ दे म्हणजे थांबायचं. थांबणं मला येत नाही हो.

ह्यांची अडचण वेगळीच. 'वन टू थ्री' काही पायात उतरेना. एका रविवारी वैतागून म्हणाले, "अगं, हा दादराच आहे की! तीन-तीन मात्रांचा." भजनी मंडळात हे वर्षानुवर्षं तबला वाजवत. हात थरथरायला लागल्यावर तबला कापडात गुंडाळून माळ्यावर गेला. त्या दिवशी तो तोंडातून बाहेर आला. धा धी ना, धा ती ना. प्रत्येक 'धा'ला एक पाय, पुढे नाहीतर मागे. आणि खरंच चौकोन पुरा झाला!

खिडकीतून शेजारच्या काकूंनी पाहिलं. "काय हो, अंगात आलंय का?" मी लाजून मेले. पण १८१६ साली खुद्द लंडनच्या टाइम्सने हा नाच असभ्य म्हणून झोडपला होता, तर काकूंचं काय घेऊन बसलात! पुढच्याच वर्षी त्याच लंडनमधल्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी ह्या आजारावर निबंध लिहिला. काकूंना मी म्हटलं, वारीत बाया-बाप्ये फुगडी घालतात ते चालतं ना? तशीच ही फुगडी, जरा हळू. :)

गेल्या आठवड्यात रात्री दोनला हे न्हाणीघराच्या दारात अडकले. वीज गेलेली. मी पुढे जाऊन दोन्ही हात धरले आणि थांबले. बराच वेळ काही झालं नाही. मला ओढावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मग ह्यांच्या तोंडून हळूच 'धा' आला आणि डावा पाय उंबरठ्याच्या आत पडला. परवा मात्र असंच करूनही जमलं नाही, खुर्ची आणून बसवावं लागलं.

काल भाचीने विचारलं, आता फॉक्सट्रॉट घ्यायचा का?

हे म्हणाले, "किती मात्रांचा?"

"चार."

"मग केरवा धरू," म्हणाले, आणि मला तबला माळ्यावरून काढायला सांगितलं.